सोमाजीच्या ट्रकला बसवलेला डोळा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आपल्या गाडीचं खरं दुखणं कधीच सांगत नाही. रात्रभर दिवे चालू ठेवून झोपलेला माणूस सकाळी येऊन म्हणतो, बॅटरी खराब निघाली. हॉर्नमध्ये पानाची पिचकारी गेलेली असते, आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की हॉर्न आपोआप बसला. पन्नास वर्षं मी चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, गाड्यांचं वायरिंग केलं. आधी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं आणि मग त्यानं जे सांगितलं नाही ते शोधायचं, एवढंच मी त्यात शिकलो. ही गोष्ट मात्र अशा गिऱ्हाइकाची आहे ज्यानं पहिल्याच दिवशी मला सगळं खरं सांगितलं. चूक केली ती मी.

माझं नाव शेख युसूफ. वडील कल्हईवाले. मी तिसऱ्या वर्गापासून मराठी शाळेत शिकलो आणि सातवीनंतर एका बॅटरीवाल्याच्या हाताखाली लागलो. पुढे जटपुरा गेटच्या बाहेर स्वतःची टिनाची टपरी टाकली. गावात वीज आलेली होती, पण माझ्या टपरीपर्यंत तिची तार पोचली नव्हती. लोकांच्या गाड्यांचे दिवे मी कंदिलाच्या उजेडात दुरुस्त करायचो, आणि येणारा प्रत्येक शहाणा त्यावर एकदा तरी हसून घ्यायचा.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या समोरच्या दिव्यात, निदान त्या काळच्या, एकाच बल्बमध्ये दोन तारा असायच्या. एक तार पेटली की उजेड लांब जायचा, दुसरी पेटली की खाली, चाकांच्या पुढ्यात पडायचा. या तारेवरून त्या तारेवर जायला ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी, क्लचच्या शेजारी, जमिनीत एक लोखंडी बटण असे. त्याला आम्ही डीपर म्हणायचो. समोरून गाडी आली की पाय क्लचवरून उचलायचा, थोडा वळवायचा, बटण दाबायचं. काम डोळ्याची पापणी लवण्याइतकं सोपं. पाय धड असेल तर.

आमच्या जंगलाच्या रस्त्यांवर डीपरला आणखी एक काम होतं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बाजाराहून परतणाऱ्या बंड्या एकामागे एक चालायच्या. प्रत्येकीच्या आसाखाली कंदील टांगलेला, बैलांना रस्ता पाठ, आणि मागच्या बंड्यांतली माणसं खुशाल झोपलेली. जागा असायचा तो सगळ्यात पुढच्या बंडीवरचा. समोरून ट्रक दिसला की तो आसाखालचा कंदील काढून डोक्याच्या वर धरायचा. याचा अर्थ, आम्ही आहोत, बैल आहेत, सांभाळ. ट्रकवाल्यानं लगेच डीपर मारायचा. त्याचा अर्थ, पाहिलं. मोठा उजेड तोंडावर आला तर बैल बिथरतात आणि रस्ता सोडून कुठंही धावतात, म्हणून ही रीत. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, लायसन देताना कोणी विचारत नव्हतं, आणि ती मोडलेली मी तोवर ऐकली नव्हती.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात जायच्या आधीच्या वर्षातली, म्हणजे १९५५ सालची, ही गोष्ट. सोमाजी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. एका जंगल ठेकेदाराचा लढाईच्या काळातला जुना ट्रक तो चालवायचा. जंगलातून बांबू भरायचा आणि बल्लारशाच्या डेपोत आणून टाकायचा. त्याच्यासारखा सावध ड्रायव्हर मी पाहिला नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात डेपोमध्ये लाकडाची थप्पी घसरली आणि एक ओंडका त्याच्या डाव्या घोट्यावर आला. गावच्या हाड बसवणाऱ्यानं घोटा बांधला, जखम भरली, आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा गाडीवर बसला. चालताना किंचित लंगडायचा. मालकाला वाटलं, आता बरा झाला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तो माझ्या टपरीवर आला. आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

"मिस्त्री, कोनाले सांगू नोको," तो म्हणाला. "चाल, गाडीत बस."

मी बसलो. त्यानं क्लच दाबून दाखवला. मांडीच्या जोरावर टाच रेटायचा, त्यामुळे क्लच नीट दबत होता. मग पाय उचलून डीपरकडे नेला. घोटा वळलाच नाही. पाय बटणाच्या शेजारी लाकडासारखा आपटला.

"दहा डाव करतो तवा दोनदा लागते," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात आष्टीजवळ समोरून ट्रक आला. मी पाय आपटून राह्यलो, आपटून राह्यलो, लागेच ना. तो शिव्या देत गेला आन् मालकाले जाऊन सांगितलं. मालक म्हनते, सोमाजी, तुले लय माज आला. अजून एक तक्रार आली का डेपोत बांबू मोजाले बस."

"मग मालकाले पायाचं सांगा ना, सोमाजीभाऊ."

"सांगितलं तं आजच बसवन. लंगड्या मानसाच्या हाती कोन ट्रक देते? मिस्त्री, पंचवीस वर्षं झाली. मले दुसरं काई येत नाई आन् दुसरं काई कराचंही नाई."

त्याचे डोळे भरले होते. मोठ्या माणसाला तसं पाहायची मला सवय नव्हती. मी उगीच दिव्याची काच पुसायला लागलो.

त्यानंच उपाय सुचवला. पायातलं बटण काढून हाताशी, स्टिअरिंगजवळ बसवायचं. तासाभराचं काम होतं. मग त्याचं त्यालाच वाटलं की मालकाला हलवलेलं बटण दिसेल, तो विचारेल काऊन हलवलं, आणि सगळं बाहेर येईल. ही त्याची अडचण खरी होती. पण ते ऐकून मला वाईट वाटलं नाही, मनातून बरंच वाटलं. कारण माझ्या डोक्यात महिनाभर दुसरंच काही फिरत होतं.

झालं होतं असं, की वाघाच्या शिकारीला आलेला एक परदेशी पाहुणा आपली नावेएवढी लांब मोटार घेऊन चांद्याला उतरला होता. तिची एक वायर जळाली म्हणून ती माझ्याकडे आली. पुढच्या काचेमागे तिला एक डबी होती, तिला भिंग होतं. समोरून उजेड आला की दिवे आपोआप खाली व्हायचे, उजेड गेला की आपोआप वर. वायर अर्ध्या तासात जोडून झाली, पण मी ती मोटार दोन संध्याकाळी ठेवून घेतली. सामान मिळत नाही म्हणून थाप मारली, आणि त्या डबीपुढे टॉर्च धरून लहान पोरासारखा खेळत बसलो. गाडी गेली तेव्हा मला करमेना.

"सोमाजीभाऊ," मी म्हणालो, "तुमच्या गाडीले मी डोळा बसवतो. तुमाले पाय हलवाच लागनार नाई. आन् मालकाले सांगू, ही विलायती गाडीतली नवी तऱ्हा आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "होईन?"

"होईन," मी छातीवर हात मारून सांगितलं.

गावातल्या फोटोवाल्याकडे उजेड मोजायचं एक मोडकं मीटर पडलं होतं. त्यात सेलेनियमची एक चकती असते. तिच्यावर उजेड पडला की नावापुरती वीज निघते आणि काटा हलतो. ते मी मागून आणलं. एका टॉर्चची नळी कापली, आतून काळी केली, पुढं भिंग, मागं चकती. काट्याच्या वाटेत चांदीच्या तारेचा तुकडा बसवला. काटा तिथवर आला की तो एका रिलेला जागं करायचा. रिले म्हणजे छोट्या विजेवर मोठ्या विजेची वाट बदलणारं बटण. ते लढाईच्या भंगारातल्या एका टेलिफोनमधून काढलं होतं. ट्रकच्या हादऱ्यांनी काटा नाचायचा, म्हणून सगळं बिऱ्हाड सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलं. अकरा संध्याकाळी गेल्या. इतकी मजा मला नंतर कुठल्याच कामात आली नाही, हेही कबूल करतो.

एक अडचण शेवटपर्यंत छळत होती. टपरीतल्या माझ्या कंदिलाच्या उजेडानंच काटा सरकायचा आणि रिले टक्‌ करून वाजायचा. मग मी स्क्रू थोडा थोडा पिळत नेला. अखेर कंदील अगदी शेजारी आणला तरच काटा हलेल, एरवी जागचा हलणार नाही, असं करून टाकलं. आता हा डोळा फालतू उजेडाला भुलत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि खूश होऊन घरी गेलो.

डोळा पुढच्या काचेमागे बसवताना आणखी एक गोष्ट केली. पायातल्या डीपरच्या तारा कापून त्या रिलेला जोडल्या. एका दिव्याला दोघांचे हुकूम नकोत, असा माझा विचार. सोमाजीनंही हरकत घेतली नाही. तो पाय तसाही कामाचा नव्हता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मूलच्या रस्त्यावर निघालो. समोरून बस आली. दीडशेक पावलांवर असताना टक्‌ आवाज झाला आणि आमचे दिवे खाली बसले. बस गेली, पुन्हा टक्‌, दिवे वर.

"अबे! हे तं खरंच पाहून राह्यलं!" सोमाजी ओरडला आणि त्यानं माझ्या पाठीत असा धपाटा मारला की माझी टोपी पडली.

परतताना फजिती झाली. पोलीस चौकीची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. आमचाच उजेड तिच्यावरून उलटून डोळ्यात गेला, दिवे खाली झाले. खाली झाल्याबरोबर भिंत अंधारली, दिवे वर. असं वर-खाली, वर-खाली सुरू झालं. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "काय बे, सरकारी चौकीले डोळा मारतं का?" त्याला समजावता समजावता चहा पाजावा लागला.

मालक मात्र बेहद्द खूश. आपल्या जुन्या ट्रकला विलायती मोटारीसारखा डोळा आहे, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. सोमाजीविरुद्धच्या तक्रारी थांबल्या. तेव्हा त्याच्या फेऱ्या मूलच्या मोठ्या रस्त्यावर होत्या, तिथं रात्री बसा आणि ट्रकच भेटायचे. आणखी दोन ड्रायव्हर माझ्याकडे चौकशी करून गेले. मीही टपरीवर जरा ताठ बसायला लागलो होतो.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मालकाची जीप माझ्या दारात उभी राहिली. मालक स्वतः आला होता.

"युसूफ, सामान घे आणि बस. चामोर्शीच्या अलीकडे आपला ट्रक गावानं अडवला आहे. एक दिवा फुटलाय. आणि सोमाजीनं बंडी उलटवली."

वैनगंगेच्या रपट्यावरून, म्हणजे पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावरून, पलीकडे गेलो तेव्हा दुपार होत आली होती. रस्ता एका नाल्यात उतरतो त्या उतारावर ट्रक उभा होता. समोरचा एक दिवा झाडावर घासून फुटला होता. खाली नाल्यात एक बंडी आडवी पडली होती, आणि धानाची फुटलेली पोती दोन बाया गोळा करत होत्या. बैल तिथं नव्हते. जोडीतल्या एकाचा पुढचा पाय मोडला होता, त्याला उचलून घरी नेलं होतं. चांद्या त्याचं नाव, हे मला नंतर कळलं.

मालक गावकऱ्यांकडे गेला आणि सोमाजी माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा एका रात्रीत उतरला होता.

"काय झालं, सोमाजीभाऊ?"

"बाजाराच्या बंड्या येऊन राह्यल्या होत्या. पुढच्यानं कंदील वर केला. मी पाह्यलं. मशीनची वाट पाह्यली. आता करन, आता करन म्हनतो तं करेच ना. मंग दिवेच बंद केले आन् ब्रेक मारला. पन तवपर्यंत बैल उधळले होते." त्यानं मालकाकडे एकदा वळून पाहिलं. "हे पाह्य, युसूफ. तू फक्त दिवा लाव. बोलू नोको. मी मालकाले सांगितलं का मशीनले धूळ लागली म्हनून बंद ठेवली होती आन् पायानं डीपर माराले भुललो. मालक म्हनते, बैल मी डेपोतून देतो, तुले एक डाव माफ. गाव कटकट करन तं तुले राजुऱ्याकडच्या रस्त्यावर घालतो. माही गाडी वाचते. समजलं?"

मी मान हलवली. आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की त्या डोळ्यासमोर मी टॉर्च धरला होता, बस धरली होती, ट्रक धरला होता. बंडीचा कंदील धरला नव्हता. उलट कंदील दिसू नये म्हणून स्क्रू मीच पिळला होता.

शाळेच्या पडवीत गाव बसलं. बंडीवाल्याचं नाव पत्रूजी, साठीचा, अंगानं काटकुळा, कोपर खरचटलेलं. मालकानं आधीच सांगून टाकलं की डेपोतल्या ओंडके ओढणाऱ्या बैलांतला एक चांगला बैल तो पत्रूजीला देईल. पत्रूजीनं ते ऐकलं, पण त्याचं समाधान झालं नाही.

"बैलाचं मी बोलून नाई राह्यलो, मालक," तो म्हणाला. "मी कंदील वर केला. एक डाव नाई, तीन डाव केला. हा मानूस म्हनते मी भुललो. कंदील पाहून डीपर माराले कोनी भुलते का? सांगा ना तुमी. आमी रस्ता अडवतो म्हनून यानं मुद्दाम उजेड घातला आमच्या अंगावर."

"मुद्दामच," मागून दोघंतिघं म्हणाले. "यानं पुन्हा या रस्त्यानं येऊ नये."

सोमाजी खाली मान घालून बसला होता. पंचवीस वर्षांत त्यानं किती कंदिलांना उत्तर दिलं असेल याचा हिशेब नाही, आणि आज त्यालाच कोणी म्हणत होतं की तू पाहून न पाहिल्यासारखं केलंस. मालक माझ्या कानाशी पुटपुटला, "जाऊ दे, राजुऱ्याकडे घालू याला." म्हणजे मी गप्प बसलो असतो तर सोमाजीची गाडी वाचत होती. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी उठून उभा राहिलो. खरं बोलायची हौस होती, की माझ्या करणीपायी दुसऱ्याला शिव्या बसतात हे सहन होईना, मला आजही नीट सांगता येत नाही.

"पत्रूजीभाऊ, याची चूक नाई," मी म्हणालो. "या गाडीचा डीपर याच्या हातात नाई. मी एक मशीन बसवली आहे. ती समोरचा उजेड पाहून स्वतः डीपर मारते. तिनं मारला नाई."

सोमाजीनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नको, नको. आता उशीर झाला होता.

लोक हसले. उजेड पाहणारी मशीन! मित्राला वाचवायला मिस्त्री काहीही सांगतो, असं त्यांना वाटलं. पत्रूजी हसला नाही.

"दाखवा," तो म्हणाला.

मी फुटलेला दिवा बदलला आणि आम्ही अंधार पडायची वाट पाहिली. दिवस मावळल्यावर ट्रक सपाट जागी उभा करून दिवे लावले. मालकाला जीप समोरून आणायला सांगितली. जीप दीडशे पावलांवर आली, टक्‌, दिवे खाली. गाव अवाक झालं. जीपचे दिवे बंद केले, ट्रकचे वर. एक म्हातारी तर ट्रकला हात जोडायला निघाली.

"आता मी," पत्रूजी म्हणाला.

त्यानं आपला कंदील पेटवला, रस्त्यानं लांब गेला, वळला, आणि कंदील डोक्याच्या वर धरून चालत आला. ट्रकचा पूर्ण उजेड त्याच्या तोंडावर. दुसऱ्या हातानं डोळे झाकून तो चालत होता. शंभर पावलं. काही नाही. पन्नास. काही नाही. वीस पावलांवर त्यानं कंदील हलवून पाहिला. मी मनातल्या मनात त्या काट्याला म्हणत होतो, हल रे बाबा, हल. पत्रूजी रेडिएटरपाशी आला, बाजूनं फिरून पायरीवर चढला, आणि खिडकीतून हात आत घालून कंदील थेट त्या नळीच्या तोंडाशी धरला.

टक्‌.

"इतल्या जवळून दिसते," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"आन् जीप तितल्या लांबून."

"हो."

"मंग आमच्या रस्त्यावर हिले काऊन बसवली गा? आमच्यापाशी तं कंदीलच आहे."

त्यात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मला लाज वाटली, एवढंच आठवतं.

मालक मात्र धंद्याचा माणूस, त्याच्या डोक्यात दुसरंच आलं होतं. "मशीन तर चालू आहे की. सोमाजी, तू तर म्हणालास बंद ठेवली होती. आणि तिनं नाही मारला तर तू पायानं का नाही मारलास?"

मग मालकच म्हणाला, "बस गाडीत. मार डीपर."

मी म्हणालो की तारा मीच कापल्या आहेत, तो मारूच शकत नव्हता. मालक म्हणाला, "तारा जाऊ देत. मला पाय पाहायचा आहे." कुठून तरी त्याला सुगावा लागलाच होता. सोमाजी चढून बसला. पाय क्लचवरून उचलला. सगळं गाव पाहत होतं. पाय बटणाशेजारी आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा मालकच म्हणाला, "राहू दे. खाली उतर."

मी विनवण्या केल्या. उद्याच हातात बटण बसवून देतो म्हणालो, तासाभराचं काम आहे म्हणालो. "प्रश्न बटणाचा नाही," मालक म्हणाला. "यानं इतके दिवस लपवलं. आणि तूही." ते खरं होतं. त्यानं चावी मागितली आणि सोमाजीनं दिली. उद्यापासून डेपो.

लोक पांगायला लागले तेव्हा पत्रूजी सोमाजीजवळ गेला.

"मले एकच सांग," तो म्हणाला. "माहा कंदील तुले दिसला होता ना?"

"दिसला होता," सोमाजी म्हणाला. "वळनाच्या पल्याडूनच दिसला होता, भाऊ."

"मंग झालं," पत्रूजी म्हणाला, आणि मला उजेड धरायला तिथंच थांबला. त्याच्या कंदिलाच्या उजेडात मी डोळा काढला आणि पायातल्या डीपरच्या तारा पुन्हा जोडल्या. काम करताना मला सारखं एकच दिसत होतं. सोमाजीचे डोळे शाबूत होते, गेला होता तो पाय. आणि मी अकरा संध्याकाळी खपून त्याला डोळा बसवला होता.

मालक जीप घेऊन पुढे निघाला. मला ट्रक चालवता यायचा, म्हणून ट्रक मी आणावा असं ठरलं. सोमाजी माझ्या शेजारी बसला. त्या जागेवर तो कधी बसला नव्हता, हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

"सोमाजीभाऊ, मले माफ करा," अखेर मी म्हणालो.

"तू बोलला नसता तं मी राजुऱ्याकडं गेलो असतो," तो म्हणाला.

"हो."

"गाडी वाचली असती माही."

"हो."

तो काचेतून समोर पाहत राहिला. "तिकडंही बंड्या असतेच," तो म्हणाला.

मी गाडी चालवत राहिलो. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना बांबू, आणि मला सवय नसल्यानं मी स्टिअरिंगला अगदी चिकटून बसलो होतो. समोर उजेडाच्या पलीकडे नुसता काळोख होता.

"डीपर," सोमाजी म्हणाला.

मला काहीच दिसत नव्हतं. तरी मी पाय उचलला आणि बटण दाबलं. बऱ्याच वेळानं वळणावर एक तांबूस ठिपका आला, तो वर उचलला गेला, आणि मग पुन्हा आपल्या जागी खाली गेला. मी गाडी कडेला घेतली. बंड्या शेजारून शांतपणे निघून गेल्या, एकाही बैलानं मान वळवली नाही.

रपट्यापर्यंत तो आणखी तीन वेळा म्हणाला. तिन्ही वेळा मला समोर काळोखाशिवाय काही दिसलं नव्हतं, आणि तिन्ही वेळा तिथं कंदील होता.